बोअरच्या वहीतला एक रकाना

गोव्यात डिचोलीच्या खाणपट्ट्यात कोअर, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना, काढण्याचं काम मी जवळून पाहिलं आहे. ड्रिलर नळी आडवी धरून हलकेच ठोकत राहतो आणि जमिनीच्या पोटातला दगड तुकड्यातुकड्यांनी कोअर बॉक्समध्ये उतरतो. वरती जांभा, मग ढेकळांचं कठीण खनिज, मध्येच पिवळट-गुलाबी चिकणमाती आणि तळाशी निळसर काळी भुकटी, म्हणजे ब्लू डस्ट. हे भुकटीचं खनिज फार फसवं. ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर ते वाहून जातं आणि हाती अर्धाच कोअर लागतो. म्हणून किती मीटर खोदलं आणि त्यातलं किती हाती आलं, याची टक्केवारी भूवैज्ञानिक दर वेळी बोअरच्या वहीत लिहितो. पुढे कोअर उभा चिरतात. एक भाग लोहाचं प्रमाण तपासायला प्रयोगशाळेत जातो, दुसरा पुरावा म्हणून बॉक्समध्येच राहतो.

त्याच वहीत पाण्याच्या पातळीचाही रकाना असतो. खनिजाचे आकडे सगळे बघतात. गावाचं भवितव्य मात्र या रकान्यात असतं. सच्छिद्र भुकटीत पाणी साठतं. खाण त्या पातळीखाली गेली की पंप लावून सतत उपसा करावा लागतो आणि आसपासच्या विहिरी खाली जातात. डिचोलीतल्याच शिरगावच्या आटलेल्या विहिरी-झऱ्यांचं गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. कुळागरं, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागा, झऱ्यांवर जगतात, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. नव्या पट्ट्यांना पर्यावरण मंजुरीही नव्याने घ्यायला सांगितली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार त्यासाठी पर्यावरण आघात अहवाल आणि जनसुनावणी लागते. पण या अहवालांतली हवा-पाण्याची मूळ मोजमापं बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असतात. जिथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे एका हंगामावरून भूजल समजत नाही. ही उणीव मला अक्षम्य वाटते.

सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. तुमच्या गावात अशी सुनावणी असेल, तर प्रत्येक बोअरची पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पाणीपातळी मागा. मागणी लेखी द्या आणि तिची पोच घ्या.