पंधरा सेकंद माझ्या चटणीचे

"आई, गाडीवर तुझं नाव टाकू का?"

डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेदहाला लेकीचा फोन आणि फोनवर हा प्रश्न. मला वाटलं, स्कूटीच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात तसलं काहीतरी असेल. म्हटलं, "कशाला गं? हेल्मेट घाल, तेवढं पुरे." तर ती खो खो हसायला लागली. "अगं, स्कूटीवर नाही. रेसिंग कारवर! आणि तुझं म्हणजे तुझ्या चटणीचं!"

मैत्रिणींनो, मी बार्शीची. गेली अकरा वर्षं घरी शेंगाचटणी, काळा मसाला आणि कडक भाकरी करून विकते. आम्ही पाच जणी आहोत. आमची जाहिरात म्हणजे बरणीवरचं लेबल आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचं कौतुक. रेसिंग कार मी टीव्हीवरसुद्धा कधी धड पाहिली नव्हती. लागली की चॅनल बदलायचा, एवढाच आमचा संबंध.

पण लेक पुण्याला इंजिनीअरिंगला गेली आणि तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये शिरली. ही मुलं स्वतः गाडी बनवतात. एका माणसाची, उघड्या चाकांची, दोन-अडीचशे किलोची गाडी. ती घेऊन 'फॉर्म्युला भारत' नावाच्या स्पर्धेला जातात. तमिळनाडूत कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे म्हणून ट्रॅक आहे, तिथे ही स्पर्धा होते. गाडी नुसती पळवायची नसते. डिझाइन कसं केलं, खर्च किती आला, उद्या ही गाडी विकायची तर कशी विकाल, हे सगळं परीक्षकांपुढे मांडावं लागतं.

मी ऑगस्टमध्ये ऐकलं आणि सरळ नाही म्हटलं. तीस जणांची टीम, त्यात मुली तीन. रात्री अकरा-अकरापर्यंत वर्कशॉप. "मुलींचं काय काम तिथे?" हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. स्वतः धंदा करणाऱ्या बाईच्या तोंडून! तिनं शांतपणे सांगितलं, "आई, पुण्याच्या डायना पुंडोले शिक्षिका आहेत. २०२४ मध्ये त्यांनी कार रेसिंगची राष्ट्रीय चॅम्पियनशिप जिंकली. असं करणारी पहिली भारतीय बाई. त्यांना विचार ना, मुलींचं काय काम." आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हो." बस.

दिवाळीला आली ती फाइल घेऊनच. फराळाचं ताट तसंच ठेवून बाजारात निघाली. टीममध्ये तिच्याकडे काम होतं स्पॉन्सर मिळवायचं. दुकानदारांनी पैसे द्यायचे, त्या बदल्यात गाडीवर त्यांच्या नावाचं स्टिकर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली लेक दारोदार पैसे मागत फिरतेय! लोक काय म्हणतील? पण एकटीनं जाऊ द्यायलाही मन होईना, म्हणून मागून मागून गेले.

पेढेवाले शेठ पाच हजार द्यायला तयार झाले. लगेच विचारलं, "नाव किती मोठं येणार? आणि पुढे की मागे?" हार्डवेअरवाल्या काकांनी तीन हजार सांगितले, पण त्यांची अट एकच, "पेढेवाल्यापेक्षा बारीक नको!" घरी येईपर्यंत लेक रडकुंडीला आली होती. "गाडीला अंग केवढं असतं, आई! पुण्याच्या मोठ्या स्पॉन्सरनीच दोन्ही बाजू घेतल्यात. ह्या सगळ्यांना कुठे बसवू?"

आणि काय सांगू, इथे मला पहिल्यांदा तिचं दुखणं कळलं. कारण ते माझंच होतं! दुकानात माझी बरणी मागच्या फळीवर सरकवतात तेव्हा मीसुद्धा अशीच भांडते. समोरची फळी ज्याची, गिऱ्हाईक त्याचं. मी तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, "मला नीट सांग बरं, हे गाडीवर नावं लिहायचं खूळ आलं कुठून?"

त्या रात्री आम्ही दोघी एक वाजेपर्यंत जाग्या होतो. दोन महिन्यांचं बोलणं एका रात्रीत झालं. तिनं जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण मला ते फार गमतीचं वाटलं.

पूर्वी म्हणे रेसिंगच्या गाड्यांवर जाहिराती नसायच्याच. गाडीचा रंग देशावरून ठरायचा. इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जर्मनीची आधी पांढरी आणि मग चंदेरी. १९६८ साली लोटस या इंग्लिश टीमनं हिरवा रंग सोडला आणि सिगारेटच्या पाकिटाचे रंग गाडीला दिले. लाल, पांढरा, सोनेरी. त्या वर्षी मे महिन्यात ग्रॅहम हिल त्याच रंगांच्या गाडीतून स्पेनची शर्यत जिंकला. मग काय, सगळ्यांनाच वाट सापडली. गाडीचा एकेक तुकडा विकला जाऊ लागला. नाक, पंख, आरसा, काही सोडलं नाही.

पुढे देशोदेशी तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी यायला लागली. पण शर्यत आज या देशात, पंधरा दिवसांनी त्या देशात. मग काय करायचे? बंदी असेल तिथे नाव झाकायचं किंवा बदलायचं. जॉर्डन नावाची पिवळी गाडी होती. १९९८ मध्ये तिच्यावर 'बेन्सन अँड हेजेस' या सिगारेटच्या जागी तसल्याच वळणाची अक्षरं लावायचे, 'बझिन हॉर्नेट्स'. म्हणजे गुणगुणणाऱ्या गांधीलमाश्या! लांबून बघणाऱ्याला कळायचं ते कळायचंच. मी कपाळाला हात लावला. चोराच्या हजार वाटा म्हणतात त्या ह्याच.

"पण आता तर स्टिकर बदलायचीसुद्धा गरज नाही," लेक म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. ऑक्टोबर २०२२ मधली अमेरिकेतल्या ऑस्टिनची शर्यत. तिथे सरावाच्या वेळी मॅक्लारेन टीमनं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना पातळ पाट्या बसवल्या होत्या. गाडी धावत असताना पाटीवरची जाहिरात बदलते! सीमलेस डिजिटल या कंपनीचं हे तंत्र. पाटीचं वजन सांगितलं होतं अवघं १९० ग्रॅम. म्हणजे माझ्या चटणीच्या पावशेराच्या पुडीपेक्षा कमी. त्या गाड्यांत वजनाचा एवढा हिशोब असतो की काही टीम वजन वाचवायला रंगसुद्धा खरवडून कमी करतात.

मी म्हटलं, "म्हणजे छोटा टीव्हीच लावला की!" तर म्हणे नाही. टीव्हीला वीज फार लागते, वजन असतं आणि उन्हात त्यावर काही दिसत नाही. आपण अंगणात मोबाइल बघताना हातानं आडोसा करतो, तसंच. प्रोजेक्टरनं गाडीवर चित्रं पाडतात, पण ती अंधाऱ्या हॉलमध्ये, गाडी जागेवर उभी असताना. ताशी तीनशे किलोमीटरनं पळणाऱ्या गाडीमागे प्रोजेक्टर घेऊन कोण धावणार?

ह्या पाट्या असतात ई-पेपरच्या. कागदासारख्या. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक बारीक गोळ्या असतात. प्रत्येक गोळीत पातळ द्रव, आणि द्रवात पांढऱ्या व काळ्या रंगाचे कण. एका रंगाच्या कणांवर एक विद्युतभार, दुसऱ्यावर उलटा. वीज एका दिशेनं दिली की पांढरे वर येतात, दिशा उलटी केली की काळे. असे लाखो ठिपके मिळून अक्षर होतं. आणि गंमत म्हणजे अक्षर एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते. अमेरिकेतल्या एमआयटीत हे शोधलं गेलं आणि १९९७ मध्ये त्याची कंपनी निघाली. पुस्तक वाचायच्या किंडलमध्ये हेच असतं. मोठ्या मॉलमध्ये फळीवर किमतीच्या छोट्या पाट्या असतात, त्यातल्या पुष्कळशा ह्याच.

बीएमडब्ल्यूनं तर पाटी नाही, अख्खी गाडीच ह्या कागदात गुंडाळली. जानेवारी २०२२ मध्ये काळ्याची पांढरी होणारी, आणि पुढच्याच वर्षी ३२ रंग बदलणारी. हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं, त्यांचं नाव स्टेला क्लार्क. बाई इंजिनीअर! लेकीनं हे सांगताना माझ्याकडे असं बघितलं, की मी चहाचा कप तोंडाला लावला.

पण मला सगळ्यात आवडल्या त्या एस्थर महलांगू. दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले समाजाच्या. दहा वर्षांच्या असताना आई आणि आजीकडून भिंती रंगवायला शिकल्या. कोंबडीच्या पिसानं रंगवतात. बीएमडब्ल्यू मोठमोठ्या चित्रकारांकडून गाड्या रंगवून घेते. त्याची सुरुवात १९७५ मध्ये ले मान्सच्या शर्यतीतल्या गाडीनं झाली. त्या यादीत पहिलं बाईचं नाव ह्यांचं, १९९१ मध्ये. आणि २०२४ मध्ये कंपनीनं त्यांच्याच नक्षीला मानवंदना म्हणून ई-पेपरची गाडी केली. गाडी उभी आहे आणि अंगावरची नक्षी हलतेय, रंग बदलतायत. घराच्या भिंतीवरची नक्षी कुठल्या कुठे गेली! मला आमच्या सासूबाईंची पौर्णिमेची रांगोळी आठवली. ती मात्र दुपारपर्यंत पायाखाली पुसून जायची आणि आम्ही कोणी तिचा साधा फोटोही काढला नाही.

हे सगळं बोलता बोलता लेक एकदम उठून बसली. "आई! आपण असं केलं तर? छोटे स्पॉन्सर सगळे एकाच पाटीवर. पाळीपाळीनं!"

पुण्याला गेल्यावर ती आणि तिची मैत्रीण महिनाभर त्याच्या मागे होत्या. वहीच्या पानाएवढी ई-पेपरची पाटी मागवली. पहिल्यांदा वायर तुटली. मग गाडीच्या हादऱ्यानं जोड सुटला. मग टीमचा कॅप्टन म्हणाला, ट्रॅकवर धावताना पाटी लावायची नाही, उगाच काही निसटलं तर? शेवटी ठरलं, गाडी उभी असेल आणि परीक्षकांपुढे मांडायची असेल, तेव्हाच पाटी लावायची. धावताना काढून ठेवायची. कॅप्टनचं मला पटलं. लेकीला पटायला चार दिवस लागले.

आणि मग तो डिसेंबरातला फोन. आठ नावं, प्रत्येकाला पंधरा सेकंद. सात झाली होती, आठवं माझं हवं होतं.

मी विचारलं, "आणि कोणी म्हणालं, मी जास्त पैसे दिलेत, मला तीस सेकंद दे?"

"म्हणाले ना! पेढेवाले शेठच म्हणाले."

"मग?"

"मी सांगितलं, पाटीवर सगळे सारखे. मोठं नाव हवं तर स्टिकर घ्या, त्याचे पैसे वेगळे."

मला बरं वाटलं. कारण त्या रात्रीपासून माझ्या मनात एक गोष्ट घोळत होती. भिंतीवर रंगवलेलं नाव निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी आपलं असतं. बदलत्या पाटीवरचं नाव ज्याच्या हातात बटण त्याच्या मर्जीवर. बटण धरणाऱ्या हाताला न्यायाची चाड असेल तर तीन हजारवालाही पाच हजारवाल्याच्या शेजारी बसतो. नसेल तर लहान माणूस कधी पुसला गेला ते कळतही नाही. माझ्या लेकीच्या हातात बटण होतं आणि तिनं ते नीट धरलं होतं. रात्री अकरापर्यंतचं वर्कशॉप तिला हेही शिकवत होतं तर!

भिशीच्या पैशातून तीन हजार पाठवले. आणि त्याच फोनवर म्हटलं, "कोइमतूरला जायचंय ना? जा. स्वेटर ने." तिकडून काही उत्तरच येईना. मग नाक ओढल्याचा आवाज आला. आमचे हे पलंगावरून म्हणाले, "कोइमतूरला कसली थंडी? चटणी दे बरोबर." दोन किलो दिली, तीस जणांच्या टीमला.

जानेवारीत ती गेली. चार दिवस माझं लक्ष फोनकडे. बक्षीस काही मिळालं नाही. पण गाडी तपासणीत पास झाली आणि शेवटपर्यंत धावली, ह्याचंच तिला अप्रूप. एका परीक्षकांनी पाटीबद्दल पाच मिनिटं प्रश्न विचारले म्हणे.

मग फोटो आला. गाडीच्या शेजारी लेक उभी. हात ग्रीसनं काळे, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. मी फोटो मोठा करून घाईघाईनं पाटी बघितली. पाटीवर नाव होतं हार्डवेअरवाल्या काकांचं!

लेक म्हणाली, "सॉरी आई, त्यांच्यानंतर तुझाच नंबर होता. पण फोटो काढणारा थांबलाच नाही."

काकांनी मात्र तो फोटो मोठा करून गल्ल्यामागे लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "ही आपल्या गावची मुलगी, आणि हे आपलं दुकान." त्यामुळे हल्ली माझं असं होतं, की आठवड्यातून एकदा तरी मला खिळे नाहीतर कडीकोयंडा लागतोच.