नगर जिल्ह्यात मंडळी निवडताना

अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती उपासना एकाच साच्याची नाही. नव्याने विश्वासात आलेल्याला म्हणूनच प्रश्न पडतो : जायचे कुठे?

नगर शहरात १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आले. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो याच मिशनमध्ये. या परंपरेतल्या मंडळ्या आणि अँग्लिकन मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आल्या. इथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा चालतो, तसाच कळत्या वयातलाही. उपदेश आणि मराठी गीते हा उपासनेचा कणा.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, केंद्रस्थानी असते. पापनिवेदन आणि मरियामातेची भक्तीही असते. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेलात, तर ही भक्ती डोळ्यांनी दिसेल. प्रौढांना स्नानसंस्काराआधी, म्हणजे बाप्तिस्म्याआधी, रीतसर धर्मशिक्षण घ्यावे लागते.

नगरला इव्हँजलिन बूथ रुग्णालय चालवणारी मुक्तिफौज बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन पाळत नाही. तिचा भर सेवेवर. पेंटेकॉस्टल मंडळ्या समजत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात.

घाई करू नका. प्रत्येक ठिकाणी काही रविवार बसून पाहा. पाळकांना किंवा फादरना थेट विचारा : बाप्तिस्म्याबद्दल शिकवण काय, दानाचा हिशेब कोण तपासतो, कारभार कोण पाहतो? प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या किंवा पैशाच्या बदल्यात आशीर्वादाची हमी देणाऱ्या ठिकाणापासून चार हात लांबच राहा.