मात्रा मोजणारं मेटल

स्क्राइब हा मुंबईचा मेटल बँड. २०१० साली त्यांचा ‘मार्क ऑफ तेजा’ हा अल्बम आला, आणि ‘अंदाज अपना अपना’ पाहिलेल्या प्रत्येकाला नावातच परेश रावलचा तेजा दिसला. २०१४च्या अल्बमचं नाव त्यांनी ‘हेल मोगॅम्बो’ ठेवलं. ‘आय लव्ह यू पावभाजी’ हे गाणंही त्यांचंच. नावं खट्याळ असली तरी वाजवणं कमालीचं काटेकोर आहे. गिटारी खर्जात उतरवलेल्या, गायक विश्वेश कृष्णमूर्ती कधी किंचाळतो, कधी गुरगुरतो, आणि ठेका धरून मान डोलवू लागावं तोच तो ठेका मोडून दुसराच सुरू होतो.

असलं काही कानावर पडलं की बहुतेक लोक मिनिटभरात ‘गोंगाट’ म्हणून बंद करतात. मला वाटतं, मराठी श्रोत्याने तरी एवढी घाई करू नये. नेहमीचं रॉक गाणं चार-चारच्या सरळ मोजणीत चालतं, आपल्या केरव्याच्या जवळपास. मेटलमधले प्रयोगशील बँड मात्र पाच, सात, अकरा अशा विषम मोजणीत शिरतात. सात मात्रांचा रूपक आपण नाट्यगीतांत आणि भावगीतांत ऐकत आलोय. तीन-दोन-दोन ही त्याची विभागणी अंगात मुरलेली आहे. शिवाय रूपकाची सम टाळीवर नव्हे, खालीच्या मात्रेवर येते, म्हणजे जिथे वजन पडेल असं वाटतं तिथेच पोकळी मिळते. मेटलचा ड्रमर जोर भलत्याच ठिकाणी टाकतो तेव्हा होणारी चुकामूक याच जातीची असते. पहिल्यांदा ऐकताना गिटार आणि आवाज बाजूला ठेवून फक्त ड्रम्सच्या मागे जावं. आवर्तन सापडलं की गोंगाटाला आकार येतो.

अशा प्रयोगशील मेटलमध्ये जॅझ आणि पंक मिसळणं ही आजची टूम आहे असं समजण्याचंही कारण नाही. मेटलच्या जन्मातच जॅझ आहे. बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयॉमी सतरा वर्षांचा असताना कारखान्यातल्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हातच जायबंदी झाला. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. हा जॅझ गिटारवादक आगीत हात भाजल्यानंतर सोलो मुख्यतः दोनच बोटांनी वाजवत असे. आयॉमीने बोटांना टोपणं बसवली, हलक्या तारा लावल्या, पुढे गिटार खालच्या पट्टीत उतरवली, आणि ब्लॅक सॅबथचा तो जड, काळोखा आवाज तयार झाला. त्याच बँडचा ड्रमर बिल वॉर्ड जॅझ ड्रमर ऐकतच वाढलेला होता. सॅबथचा पहिला अल्बम १९७०चा.

सत्तरच्या दशकात पंक आलं ते लांबलचक सोलोंना कंटाळून: तीन कॉर्ड, दोन मिनिटं, संपलं. त्यातून हार्डकोअर निघालं, आणि १९८७ साली नेपाम डेथ या बँडने सुमारे सव्वा सेकंदाचं गाणं प्रसिद्ध करून तो धागा मेटलला बांधला. मग न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न या सगळ्यात उतरला. त्याच्या नेकेड सिटी बँडच्या १९९०च्या अल्बममध्ये जेम्स बाँडची धून, ऑर्नेट कोलमनची जॅझ रचना आणि अर्ध्या मिनिटाच्या किंकाळ्या शेजारीशेजारी आहेत. स्क्राइब जॅझ वाजवत नाही, त्यांचं मूळ हार्डकोअर आणि मेटलमध्ये आहे. पण गाणं मधेच भलत्या दिशेला वळवण्याची त्यांची मोकळीक मला याच घराण्यातली वाटते.

मुंबईला हे सगळं नवखं नव्हतं. ‘अलबेला’ चित्रपटात १९५१ साली आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या संगीतात चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचं जॅझ मिसळलं आणि भगवानदादा त्यावर नाचले. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला, सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवून गेला. १९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेत सॉनी रोलिन्स धोबीतलावच्या रंगभवनात वाजवत होता. ऐंशीच्या दशकात त्याच उघड्या रंगमंचावर इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं आणि लांब केसांची पोरं रांगा लावू लागली. एकाच मंचावर जॅझ आणि मेटल, दोन्ही!

शेजारच्या इस्पितळांमुळे रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. रॉक मग उपनगरांत रुजलं. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनॉसरस, अंधेरीचं चित्रकूट मैदान, अंधेरीचंच बी६९. तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये नोकरी-कॉलेज सांभाळून पोरं सातची मोजणी घोटत राहिली. पण रॅझबेरी गेलं, बी६९ही गेलं. खासगी जागा खाण्यापिण्याच्या धंद्यावर चालतात, आणि अनोळखी संगीताला तिथे सर्वांत आधी नारळ मिळतो.

म्हणून सार्वजनिक जागांकडे पाहावं. मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ ही तीनही नाट्यगृहं महापालिकेची आहेत. भिंती आहेत, खुर्च्या आहेत, लोकल आणि बसने पोचता येतं. महिन्यातली आडवारची एक संध्याकाळ तिथे स्थानिक बँडना सवलतीच्या भाड्यात द्यावी, नाटकाच्या तारखांना धक्का न लावता.