नाळेतलं रक्त म्हणजे बाळाचा विमा नव्हे

महाड-पोलादपूरकडे लेक किंवा सून गरोदर असली की सातव्या-आठव्या महिन्यात हमखास विचारणा होते, "अहो, त्या स्टेम सेल ठेवायच्या का हो?" बाळंतपण पनवेलला नाहीतर मुंबईला ठरलेलं असतं. तिथे सोनोग्राफीच्या रांगेत कुणीतरी गुळगुळीत पत्रक हातात ठेवतं. नाळेतलं रक्त आज साठवा, उद्या बाळाला थॅलेसेमिया होवो की रक्ताचा कॅन्सर, औषध तयार! हप्त्यांची सोयही असते. नाही म्हणणारा बाप कंजूस ठरतो, म्हणून तो मुकाट्याने सही करतो. बाळंतिणीच्या घरातली भीती अशी विकली जाते, याची चीड येते.

नाळेच्या रक्तात स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी असतात, त्यांतून रक्तातल्या सगळ्या पेशी तयार होतात, हे खरंच आहे. 1988 साली पॅरिसमध्ये या रक्ताने फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा रक्ताचा आजार झालेला एक मुलगा वाचला, तेही खरं. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. पत्रकात नेमकं हेच गाळलेलं असतं.

थॅलेसेमियाचा दोष जनुकात असतो. तो बाळाच्या पेशीपेशीत असतो, म्हणजे साठवलेल्या पिशवीतही असतोच. त्याच पेशी परत देऊन बाळ बरं कसं होणार? लहानपणच्या रक्ताच्या कॅन्सरची बीजंही पुष्कळदा जन्मतःच रक्तात असतात. शिवाय दात्याच्या पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींवर तुटून पडतात, स्वतःच्या पेशी तसं करत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, आकडाच दिला आहे: स्वतःसाठी साठवलेलं रक्त पहिल्या वीस वर्षांत वापरावं लागण्याची शक्यता 0.04 ते 0.0005 टक्के. म्हणजे फार तर अडीच हजारांत एक. अशा खासगी साठवणुकीची शिफारस परिषद करत नाही. अपवाद एकच. घरातल्या मोठ्या भावंडाला या पेशींनी बरा होणारा आजार असेल, तर डॉक्टरांशी जरूर बोला.

आणखी एक गोष्ट. ते रक्त बाळाला त्याच क्षणी हवं असतं. नाळ निदान मिनिटभर थांबून बांधावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने बाळाला लोह मिळतं. पिशवी भरायच्या घाईत हे मिनिट जाऊ देऊ नका.

एवढं ऐकलं की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात: "म्हणजे स्टेम सेल सगळं थोतांडच!" अजिबात नाही. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी 1983 मध्ये केलेलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मूळपेशींचाच उपचार. टाटाचं हे काम आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या केंद्रात चालतं, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात. परदेशात 2023 पासून सिकलसेलच्या रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुकबदल करून त्या परत देण्याच्या उपचाराला मंजुरी आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाइप 1 मधुमेहाच्या 12 रुग्णांना मूळपेशींपासून बनवलेल्या पेशींची पूर्ण मात्रा दिली. वर्षभरानंतर त्यांतल्या 10 जणांचं इन्शुलिन सुटलं होतं. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागतात.

बाकीचे समज झटपट. गुडघ्यात इंजेक्शन दिलं की कूर्चा नवी होते? तसा उपचार अजून सिद्ध नाही. स्वमग्न मुलांसाठी? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच नको म्हटलंय. मूळपेशींसाठी दुधाचे दात साठवायचे? आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांत अशा साठवणुकीला परवानगीच नाही. प्रयोग चालू आहे म्हणून पैसे भरा? चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

चाचणी म्हणजे काय, हे तर महाडकरांना परक्याने सांगू नये. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र द्यावं का, हे त्यांनी रुग्णांचे दोन गट करून तपासलं आणि निष्कर्ष 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवणाऱ्याकडे असा कागद मागा.

आणि मूळपेशींसाठी काही करायचंच असेल तर हप्ते भरण्याऐवजी दाता व्हा. दात्रीसारख्या मूळपेशी-दात्यांच्या नोंदणीत 18 ते 50 वयाच्या निरोगी माणसाला नाव घालता येतं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस. पुढे कुणाशी जुळलंच, तर बहुधा दंडातल्या रक्तातूनच पेशी काढतात. मणक्याला कुणी हात लावत नाही.