पाण्याखालच्या शेतांवरून

सुटीत काही साहस करायचे म्हटले, की घरोघर मालवण-तारकर्लीची नावे निघतात. होडी हवी, कोळ्यांची वस्ती हवी, ताटात मासळी हवी. पण हे सारे समुद्रावाचूनही मिळते आणि त्यासाठी सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याला एसटीतून उतरावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे, वेण्णेच्या काठचे. (गंमत म्हणजे ज्या जावळीवरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव आज महाबळेश्वर तालुक्यात आहे!) इथून डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरले, की बामणोली येते आणि रस्ता पाण्यातच संपतो. समोर पसरलेला असतो शिवसागर, कोयना धरणाचा सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय. काठावर ओळीने बांधलेल्या लाँची, वाळत टाकलेली जाळी, तळलेल्या माशांचा वास. क्षणभर आपण कोकणातल्या एखाद्या बंदरावर आहोत असेच वाटते.

आम्ही सहाजण होतो, दोन मुलांसह. वासोट्याला जायचे होते. वनखात्याचा परवाना काढला, लाँच ठरवली. वासोट्याच्या पायथ्यापर्यंत दीड तासाचा प्रवास. पाणी इतके शांत, की मुले लवकरच कंटाळली. धाकट्याने विचारले, "मामा, इथं खोल किती आहे?"

सुकाणू धरलेल्या मामांनी हात लांब करून दाखवला. "त्या टेकाडाच्या खाली आमचं शेत व्हतं. बाप भात लावायचा. आता मोज तूच."

मग मुले कंटाळली नाहीत.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचे पाणी अडले आणि शंभराच्या आसपास गावांना झळ पोहोचली. कुणी सोलापूर-सांगलीकडे गेले, कुणी ठाणे-रायगडात, तर कुणी आपल्याच डोंगरावर चार पावले वर सरकून राहिले. वर राहिलेल्यांच्या वाटा बुडाल्या. बाजार, शाळा, दवाखाना, सगळे पाण्यापलीकडे. तेव्हापासून लाँच ही त्यांची गरज आहे; आपली सहल ही फार नंतरची गोष्ट. पुढे १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली आज ओसाड आहे. धरणातून वाचलेल्यांपैकी काहींना जंगलासाठीही उठावे लागले. वाघ वाचायला हवेत, हे मला मान्य आहे. पण एकाच खोऱ्याने दोनदा उठावे, हे मात्र गळी उतरत नाही.

वासोट्याची चढण दीड-दोन तासांची, गर्द झाडीतली. ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. याच गडावर ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांना झुंजवले. माथ्यावरून बाबूकडा पाहावा. कठडा नाही, मुलांचे मनगट सोडू नये. पलीकडे खाली कोकण दिसते आणि मग या पाण्याची खरी गंमत कळते. कोयना मुळात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळणारी नदी. पण वीज निर्माण करण्यासाठी तिचे बरेच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते, ते वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. म्हणजे मामांच्या शेतावरचे पाणी अखेर खऱ्या कोळ्यांच्या बंदरात जाऊन पोहोचते.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गड बंद असतो. भल्या सकाळी निघा, कारण गडावर मुक्कामाला परवानगी नाही. पोहता येत असले, तरी लाइफ जॅकेट अंगावरून काढू नका. २०२४ साली जवळच मुनावळ्याला जलक्रीडा केंद्रही सुरू झाले आहे. तिथे वेगाच्या बोटी आहेत, मुलांना त्या आवडतील. मला विचाराल तर पहिल्यांदा साध्या लाँचमधूनच जा आणि मे महिन्यात जमले तर बामणोलीला पुन्हा एक फेरी मारा. पाणी ओसरले, की जुने बांध उघडे पडतात.

परतताना एका वाडीच्या काठावर दोन बायका पोती घेऊन उभ्या होत्या. लाँच आम्ही ठरवलेली, पण मामांनी आम्हाला न विचारताच ती वळवली. "सरका जरा," ते म्हणाले. आम्ही सरकलो. पोत्यांत नाचणी होती. बामणोलीला उतरताना त्या बायकांकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत आणि त्यांनीही ते काढले नाहीत.