खाजगी न्यास रद्द करण्याची कायदेशीर प्रक्रिया : रायगड किनारपट्टीवरील बागायतीच्या संदर्भात

प्रस्तावना :
अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांच्या किनारपट्टीत नारळ-सुपारीची वाडी ही अनेक कुटुंबांची महत्त्वाची स्थावर मिळकत आहे. वाटणीने वाडीचे तुकडे होऊ नयेत, या हेतूने मालक हयातीतच ती खाजगी न्यासाकडे सोपवू शकतो. परिस्थिती पालटल्यास ती परत घेता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर तरतूद :
भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ७८ नुसार मृत्युपत्राने निर्माण केलेला न्यास मृत्युपत्रकर्ता स्वेच्छेने रद्द करू शकतो. हयातीत अमलात आलेल्या न्यासाबाबत मात्र मुख्यतः दोनच मार्ग आहेत : न्यासलेखात रद्द करण्याचा अधिकार स्पष्टपणे राखून ठेवलेला असणे, अथवा करारास सक्षम असलेल्या सर्व लाभार्थींची संमती मिळणे.

समजा, एका वृद्ध मालकाने मुलगा व अल्पवयीन नातू यांच्या लाभासाठी वाडी न्यासात दिली. परंतु असा अधिकार राखला नाही. मुलगा संमती देऊ शकेल. नातू सज्ञान होईपर्यंत त्याची संमती कायद्याने ग्राह्य नाही. परिणामी औषधोपचारासाठी पैशाची निकड असली तरी मालकास स्वतःचीच वाडी परत मागता येणार नाही.

कलम ७७ नुसार न्यासाचा उद्देश पूर्ण झाल्यास, बेकायदेशीर ठरल्यास किंवा मिळकत नष्ट होऊन अशक्य झाल्यासही न्यास संपतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य माडपोफळी उन्मळून पडल्या. तथापि झाडे गेली तरी जमीन उरते. केवळ अशा हानीने न्यास आपोआप संपत नाही.

प्रक्रिया :
स्थावर मिळकतीच्या न्यासाचा रद्दलेख योग्य मुद्रांकावर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. विश्वस्तांच्या नावे असलेली मिळकत मूळ मालकाकडे पुन्हा हस्तांतरित करून सातबाऱ्यावर फेरफारही करून घ्यावा लागतो. कलम ७९ नुसार विश्वस्तांनी तत्पूर्वी रीतसर केलेल्या कृतींना, उदाहरणार्थ दिलेल्या भाडेपट्ट्याला, रद्दीकरणाने बाध येत नाही. देवस्थानच्या वाड्यांना व अन्य सार्वजनिक न्यासांना हा अधिनियम लागू नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० आहे.

निष्कर्ष :
न्यास मोडण्याची वाट न्यास निर्माण करतानाच आखावी लागते. लेखातील एका कलमाचा अभाव पुढे केवळ सद्भावनेने भरून निघत नाही.