तीन सेकंद, एक्क्याण्णव मीटर

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे. त्यातल्या लाँग की नावाच्या बेटावर एकेकाळी हौशी मासेमारांचा नामांकित तळ होता. तिथे कधीतरी कुणीतरी स्टॉपवॉच हातात घेऊन उभं राहिलं, आणि गळाला लागलेल्या सेलफिशने 100 यार्ड, म्हणजे 91 मीटर दोरी तीन सेकंदांत ओढून नेली अशी नोंद झाली. भागाकार केला की ताशी 110 किलोमीटर येतात. 1935च्या चक्रीवादळात तो तळ भुईसपाट झाला. भागाकाराचं उत्तर मात्र तरलं. प्रश्नमंजूषेत, मुलांच्या ज्ञानकोशात अजून तेच सापडतं: जगातला सर्वांत वेगवान मासा सेलफिश, ताशी 110. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना 100ची मर्यादा आहे. तिथे या माशाला दंडाची पावती मिळाली असती.

या आकड्याच्या विरोधात माझ्याकडे एक साक्षीदार आहे. त्याची लांबी फक्त 38 सेंटिमीटर.

साक्षीदाराची ओळख करून द्यायची तर आधी खेळ सांगायला हवा. कोकणात गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. दोरी, शिसं, गळ, आमिष. शिशाचं वजन दोरीला दूर नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं होतं. गळावर पिसं आणि चमकदार धागे बांधून केलेली खोटी माशी असते, ती इतकी हलकी की फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. जाड, गुळगुळीत, साधारण 30 मीटरची ती दोरी चाबकासारखी मागेपुढे घुमवायची आणि तिच्या टोकाला बांधलेली माशी आपोआप पाण्यावर जाऊन पडते. दोरीचं वजन अजूनही ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास अर्धा. समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी वापरतात त्या 12 क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या नऊ मीटरचं वजन 380 ग्रेन असतं. आपल्या मापात दोन तोळ्यांहून जरासं जास्त. दोन तोळ्यांची ही फेक कशासाठी, तर 40, 50, 60 किलोंच्या माशासाठी.

खेळ मूळचा नदीतल्या ट्राउटचा. तो खोल समुद्रात नेण्याचं खूळ तसं अलीकडचं. 1962मध्ये पनामाच्या प्रशांत किनाऱ्यावर वेबस्टर रॉबिन्सन नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती जमवली. चालत्या बोटीमागे गळ नसलेलं आमिष ओढत ठेवायचं. सेलफिश चवताळून त्याच्यामागे लागला की आमिष हळूहळू बोटीजवळ आणायचं, शेवटच्या क्षणी झटक्यात पाण्याबाहेर उचलायचं आणि त्याच जागी माशी टाकायची. मासा आधीच रागावलेला असतो. समोरचा घास नाहीसा झाला की मिळेल त्याच्यावर तुटून पडतो. भुकेल्या माणसापुढून ताट ओढून घ्यावं आणि त्याच जागी प्लास्टिकची पुरी ठेवावी, तसा हा प्रकार. फसवणूकच आहे, पण आजही जगभर हीच पद्धत चालते.

नियम आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेचे, म्हणजे आयजीएफएचे. 1939 साली स्थापन झालेली ही संस्था विक्रमांचा हिशेब ठेवते. माशी हवेतूनच फेकली पाहिजे, आणि फेकताना बोटीचं इंजिन गिअरमध्ये असता कामा नये. जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये एक बारीक धागा बांधायचा, त्याला टिपेट म्हणतात. तो किमान 38 सेंटिमीटर लांब हवा आणि 20 पौंडांहून, म्हणजे साधारण 10 किलोंहून जास्त ताण सोसणारा नसावा. माशाच्या खरखरीत तोंडाशी घासून तुटू नये म्हणून पुढे जाड धाग्याचा तुकडा चालतो, पण तो 30 सेंटिमीटरच्या आत. म्हणजे हजारो रुपयांची काठी, रीळ, बोट, डिझेल हे सगळं एका बाजूला, आणि मासा दुसऱ्या बाजूला. दोघांमध्ये मुद्दाम कमजोर ठेवलेला हातभर धागा. तोच माझा साक्षीदार.

स्टू आप्टे या अमेरिकी मासेमाराने 1965 साली पनामाच्या त्याच किनाऱ्यावर 136 पौंडांचा सेलफिश धरला. 62 किलोंना थोडा कमी. टिपेट होतं 12 पौंडांचं. मासा धाग्याच्या ताकदीच्या अकरापट. तुलना म्हणून 1953 साल घ्या. पेरूमधल्या काबो ब्लांकोजवळ आल्फ्रेड ग्लासेलने 1,560 पौंडांचा, म्हणजे 707 किलोंचा ब्लॅक मार्लिन काढला. तो विक्रम 130 पौंडांच्या दोरीच्या वर्गात आहे. भागाकार करा, बारा! मासे साडेसहाशे किलोंच्या फरकाचे, पण गुणोत्तर जवळजवळ तेच. फरक इतकाच की जाड दोरीवाल्याला बसायला खुर्ची आणि कमरेला पट्टा असतो. फ्लायवाला बोटीच्या कडेला मांडी टेकवून उभा असतो.

आता मासा पळतो, आणि पतंग उडवलेल्या कुणालाही पुढचं लगेच कळेल. मासा ओढतो तेव्हा खेचायचं नसतं, ढील द्यायची असते. फिरकी धरणाऱ्याच्या तळहातावर ती गरगरते तशी इथे रीळ गरगरतं. बहुतेक फ्लाय रिळांना गिअर नसतो. रिळाची एक फेरी म्हणजे मुठीची एक फेरी, जाताना आणि येतानाही. मासा सेकंदाला 10 मीटर पळतोय असं धरू. (हाच आकडा का, ते पुढे.) दोरी भरलेल्या रिळाचा व्यास 10 सेंटिमीटर असेल तर एका फेरीत 31 सेंटिमीटर सुटते. सेकंदाला 32 फेऱ्या, मिनिटाला 1,900. छताचा पंखा पाचावर ठेवला तरी 350 ते 400 फेऱ्या मारतो. त्यातून दोरी कमी होत जाते तसं रिळाचं पोट बारीक होतं. व्यास 6 सेंटिमीटरवर आला की त्याच वेगाला मिनिटाला 3,180 फेऱ्या लागतात. त्या चक्राला बाहेर आलेली एक मूठ असते. तिच्या वाटेत बोटं आली तर काय होतं, ते विचारू नका. अमेरिकी मासेमारांच्या भाषेत या रिळांना 'नकल-बस्टर' म्हणतात, सांधे फोडणारं.

पोट बारीक झाल्याचा दुसरा परिणाम जास्त कपटी आहे. रिळाच्या ब्रेकची चकती पिरगळण्याला लागणारं बळ तेवढंच राहतं, पण दोरीला मिळणारा तरफेचा हात आखूड होतो. सुरुवातीला 3 किलोंवर लावलेला ब्रेक कुणी हात न लावता 5 किलोंचा होतो. मासा जितका दूर, तितका ताण जास्त, आणि नेमका तेव्हाच धागा ताणाच्या टोकाला आलेला असतो. नवखा माणूस अशा वेळी घाबरून ब्रेक आणखी आवळतो. जाणते सैल करतात.

तीन किलो ओढ आणि सेकंदाला दहा मीटर म्हणजे चकतीवर 300 वॉट उष्णता. जुने पिवळे शंभराचे तीन दिवे मुठीएवढ्या जागेत.

आणि मासा? पन्नास किलोंचा धरा, सिमेंटच्या एका पोत्याएवढा. त्या वेगाला त्याच्याजवळ 2,500 ज्यूल ऊर्जा असते. तेच पोतं पाच मीटर उंचीवरून खाली टाकलं तर जमिनीवर आदळताना तेवढीच असते. असं पोतं 10 किलोंच्या धाग्याने झटक्यात अडवायला गेलात तर धागा तुटल्याचा आवाजही येणार नाही. त्याला थांबवायचं तर अंतर लागतं. पाण्याचा अडथळा बाजूला ठेवला आणि मासा शेपूट न हलवता नुसता वाहत राहिला असं मानलं, तरी 3 किलोंच्या ओढीने तो 85 मीटरवर थांबतो. शेपूट हलवणं मात्र तो थांबवत नाही. म्हणून रिळावर फ्लायच्या दोरीमागे 500-600 मीटर बारीक दोरी भरलेली असते.

आता साक्ष. फ्लायची 30 मीटर दोरी सव्वा मिलिमीटरहून थोडी जाड असते. ती माशाच्या मागे सरळ रेषेत पाण्यातून ओढली जातेय असं धरा. दोरीचा पृष्ठभाग, पाण्याची घनता, घर्षणाचा नेहमीचा गुणांक हे सगळं मांडून मी हिशेब केला. सेकंदाला 10 मीटर वेगाला नुसत्या दोरीचा अडथळा अडीच किलोंच्या आसपास येतो. रिळाच्या ब्रेकचे 3 ते 5 किलो त्यात मिळवा. साडेपाच ते साडेसात. धागा 10 किलोंचा, गाठीमुळे थोडा कमजोर झालेला. बसतं, पण जेमतेम.

पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग सेकंदाला 15 मीटर केला की दोरीचे साडेपाच किलो होतात, आणि ब्रेक 5 किलोंवर पोचलेला असेल तर बेरीज दहाच्या पुढे जाते. तुटला. ताशी 110 म्हणजे सेकंदाला 30 मीटर. वेग तिप्पट, अडथळा नऊपट, तेवीस किलो! ब्रेक पूर्ण सैल सोडला, रीळ लोण्यावर फिरतंय असं मानलं, तरी तेवीस. अर्धीच दोरी पाण्यात आहे असं धरलं तरी साडेअकरा. सेलफिश खरंच तेवढ्या वेगाने पळत असता तर आप्टेच्या 12 पौंडी, म्हणजे साडेपाच किलोंच्या धाग्यावर तो कधी बोटीपर्यंत आलाच नसता. माझा गुणांक थोडा इकडेतिकडे असेल, पण दुपटीने चुकला तरी निकाल बदलत नाही.

शास्त्रज्ञ वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले आहेत. 2008 साली इओसिलेव्हस्की आणि वाइस यांनी गणित मांडलं की शेपटीभोवती पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, म्हणून माशांच्या वेगाला सेकंदाला 10 ते 15 मीटरच्या आसपासच अटकाव होतो. 2016 साली स्वेन्डसेन आणि सहकाऱ्यांनी स्नायू किती लवकर आकुंचन पावतो ते मोजून अंदाज काढला. सेलफिश सेकंदाला 8.3 मीटर, बराकुडा 6.2, डोराडो 4. म्हणजे पहिला नंबर सेलफिशचाच, पण ताशी 30 किलोमीटरने. उसेन बोल्टने 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, सरासरी ताशी 37.6. कागदावर माणूस पुढे!

अर्थात ही तुलना फसवी आहे. समुद्राचं पाणी हवेच्या साधारण 850 पट दाट आहे. कमरेएवढ्या पाण्यात चार पावलं पळून पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. शिवाय पाण्यात वेगासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी 36वरून 110वर जायला 28पट. कुठल्याही प्राण्याच्या अंगात अशी 28पट शिल्लक पडून नसते.

एक तुकडा अजून अडकून आहे. 1964 साली वॉल्टर्स आणि फिअरस्टाइन यांनी 'नेचर'मध्ये पिवळ्या पराच्या कुप्याचा वेग ताशी 74.6 आणि वाहू या माशाचा 77 दिला. तेही गळाच्या दोरीवरूनच मोजलेले आकडे, पण उपकरणाने. ते दोन्ही मासे सेलफिशचे नातेवाईक नाहीत, आपल्या सुरमई-बांगड्याच्या कुळातले आहेत. कुपा तर रत्नागिरीच्या बाजारातही दिसतो. बांगड्याचं अंग किती घट्ट आणि निमुळतं असतं ते हाताखालून गेलंय तुमच्या. त्याचे भाऊबंद वेगवान निघाले तर मला नवल वाटणार नाही. पण सत्त्याहत्तर? ही मोजणी फ्लायच्या दोरीवरची नाही, म्हणून माझा साक्षीदार इथे गप्प.

मग लाँग कीला काय झालं असेल? तीन सेकंद अंगठ्याने मोजले तर अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. साडेतीन धरले की 94, अडीच धरले की 132. बोट विरुद्ध दिशेला चालू असेल तर तिचाही वेग दोरीत मिळतो. मासा हवेत उडी मारतो तेव्हा रीळ त्याच्या पुढे धावून दोरी नुसतीच ओकतं. फिरकी सुटली आणि मांजाचा ढीग पायाशी पडला, तर पतंग तेवढा वर गेला असं कुणी म्हणत नाही.

मासा दमतो. 300 मीटर दोरी बाहेर आहे. आता ती मुठीने परत आणायची, एका फेरीला पंचवीस-तीस सेंटिमीटर, म्हणजे हजाराहून जास्त फेऱ्या. काठी नऊ फुटी, दोन हातांमध्ये फूटभर अंतर. टोकाला 3 किलो ओढ हवी असेल तर सरळ काठीच्या हिशेबाने वरच्या हाताला 27 किलो उचलावे लागतील. काठी वाकते, म्हणून तेवढे लागत नाहीत. सातशे फेऱ्या झाल्या, बोटीमागचं पाणी निळं-जांभळं चमकायला लागलं, आणि मासा पुन्हा निघाला. सोडा मूठ.